जाऊबाईंचा हिवाळा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना मी नीट बसलेलं फारसं पाहिलंच नाही. त्या टेकायच्या. उंबऱ्यावर, ओट्याच्या कडेवर, दुसऱ्याच्या खाटेच्या कोपऱ्यावर, एक पाय कायम निघायच्या तयारीत. जेवायच्याही तशाच. हातात भाकरी, भाकरीवर भाजी आणि नजर अंगणात. चहा तर त्या चालता चालताच प्यायच्या. सासूबाई म्हणायच्या, "हिला देवानं बूड कशाला दिलंय, देव जाणे." त्यावर जाऊबाई हसायच्या, आणि हसू विरायच्या आत मागच्या दारानं बाहेर पडलेल्या असायच्या.

पावसाळ्यात ही चुळबूळ शेतात जिरून जायची. दिवाळी झाली, भात झोडून घरात आलं, की बाकीची माणसं जरा सैलावत. जाऊबाईंचं मात्र उलट. थंडी पडली की त्यांना काहीतरी चावायला लागायचं. कुणाची छाती भरली, कोणत्या म्हाताऱ्याला अंघोळीनंतर कापरं भरलं, कुणाचं पोर रात्रभर खोकत होतं, हे सगळं त्यांना सकाळी कळलंच पाहिजे असायचं. डोक्याला टॉवेल गुंडाळून, दंव पडलेल्या बांधावरून त्या तरातरा एका आळीतून दुसऱ्या आळीत जायच्या. दार वाजवायची पद्धत नव्हती. आधी दार उघडायच्या, मग विचारायच्या, "आत हाय का कोण?"

त्यांची तपासणी ठरलेली होती. "पाठ दाखव." समोरच्यानं पाठ केली की त्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध कान लावून उभ्या राहायच्या. तेवढा वेळ मात्र अगदी स्तब्ध. जाऊबाई स्तब्ध दिसायच्या त्या अशा वेळीच. मग मान वर करून निकाल: "शिट्टी वाजतेय" किंवा "घुरघुर हाय" किंवा "कायबी नाय, नाटकं हायेत, ऊठ." शिट्टी वाजत असेल तर त्या माणसाची सुटका नव्हती. त्याच दिवशी दवाखाना. "उद्या बघू" असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा बदलायचा.

त्याचं कारण मला फार पुढे कळलं. त्यांचं माहेर कशेळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. त्या लहान असताना एका हिवाळ्यात त्यांच्या आईची छाती भरली. थंडी आहे, काढा घेतलाय, उद्या बघू, असं घरातले म्हणत राहिले. मग एक दिवस तिला जीपमध्ये घातली आणि ती दवाखान्याच्या वाटेवरच गेली. हे सांगताना जाऊबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "मी तिच्या पाठीला टेकून झोपायची. मला ऐकू यायचं सगळं. पन मला काय कळनार?" आणि सोललेल्या शेंगांचं सूप उचलून आत निघून गेल्या.

मी जुन्नरकडची. लग्न होऊन खोपोलीच्या अलीकडच्या या गावात आले तो महिना मार्गशीर्षाचा होता. जाऊबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शालीत गुरफटून ओसरीवर बसले होते. म्हणाल्या, "आगं, घाटावरची तू. तुला कसली गं आमची थंडी?" मीही मनात तेच म्हणत होते. आमच्याकडची थंडी कडक, पण कोरडी. अंगावर येते आणि उन्हाबरोबर निघून जाते. इथली थंडी ओली होती. सकाळी धुकं खाली बसायचं, त्यात साजगावकडच्या कारखान्यांचा वास मिसळायचा, आणि ते सगळं मिळून छातीत शिरायचं. जानेवारी उजाडेपर्यंत माझा श्वास अडकायला लागला. मी खोपोलीच्या एका शाळेत शिकवायचे. फळ्यावर एक ओळ लिहिली की टेबलाला धरून उभी राहायचे. घरी कुणाला सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. नवी सून दमेकरी निघाली म्हणतील, ही भीती.

जाऊबाईंना सांगावं लागलं नाही. एका सकाळी मी चुलीपुढे वाकले असताना त्यांनी मागून येऊन पाठीला कान लावला. मी दचकले. त्यांनी एवढंच म्हटलं, "वैशे, तुझ्यात तर आख्खी गाडी शिट्टी मारतेय." मग त्यांनी जे माहीत होतं ते केलं. शेणीच्या निखाऱ्यावर ओवा टाकला, माझ्या डोक्यावरून गोधडी घेतली आणि मला धुरी दिली. त्या धुरानं मी जवळजवळ गेलेच. ओठ काळे पडले. त्यांनी गोधडी फेकली, मला अंगणात ओढलं आणि ओरडूनच माझ्या नवऱ्याला गाडी काढायला लावली.

खोपोलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला आधी वाफारा दिला आणि मग जाऊबाईंना झापलं. दम्याच्या माणसाला धूर म्हणजे विष, धुरी नको, उदबत्ती नको, चुलीपाशी बसणं नको. जाऊबाई ऐकत होत्या. मला वाटलं, आता या चिडतील. गावात सगळे त्यांना विचारतात, आणि इथे चारचौघांत बोलणी खाल्ली. घराशी उतरल्या, पदर खोचला, आणि स्वयंपाकघरातली चूल बाहेर पडवीच्या टोकाला नेऊन मांडली. सासूबाई म्हणाल्या, "आगं, घरात चूल नको तं काय करायचं?" जाऊबाई म्हणाल्या, "माझं चुकलं. पोर मेली असती. आता धूर घरात नाय." एवढंच. चुकलं याचं त्यांनी ना लोणचं घातलं, ना लपवलं. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत, ज्या ज्या घरात त्यांनी आजवर धुरी दिली होती, त्या त्या घरी जाऊन त्या सांगून आल्या: "मी सांगितलेलं खोटं हाय. धुरी देऊ नका."

मला पंप मिळाला. पंप म्हणजे ते तोंडाला लावायचं श्वासाचं औषध. त्या काळी गावात त्याची मोठी दहशत होती. एकदा घेतला की सुटत नाही, शेवटचं औषध असतं ते. किराणा दुकानवाल्या इक्बालभाईंच्या आईला, दादीला, डॉक्टरांनी तो कधीच दिला होता. तिनं तो गादीखाली दडवला होता आणि थंडीभर धापा टाकत बसायची. जाऊबाईंना हे कळलं, तेव्हा मी शाळेतून आल्या आल्या, हातपायही धुऊ न देता, त्या मला तशीच दुकानामागच्या खोलीत घेऊन गेल्या. "दादी, ही आमची वैशी. मास्तरीन हाय. हिला इचारा पंप घेते का नाय. घे गं, घेऊन दाखव." बायका जमल्या होत्या. मी लाजेनं अर्धी झाले. पण पंप काढला, हलवला, तोंडाला लावला, दाबून ओढला, श्वास रोखून धरला. दादी निरखून बघत होती. म्हणाली, "इतकंच? मला वाटलं, दुखतं." मग तिनं गादीखाली हात घातला.

पुढच्या हिवाळ्यात माझे दिवस भरत आले होते, आणि माघ महिन्यात आमची लेक ओवी झाली. पहिलं बाळंतपण, पण दम्यामुळे डॉक्टरीणबाईंनी जुन्नरला जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून माझी आईच इथे आली. ती येताना मेथीचे, डिंकाचे लाडू आणि शेगडी घेऊन आली. आमच्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची रीत. अंगात गारवा शिरू नये, बाळाला वारा लागू नये. आईनं मागची लहान खोली निवडली, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दाराशी गोधडी लावली. जाऊबाई दारात थांबून बघत होत्या.

"धूर?" त्यांनी विचारलं.

"लोणारी कोळसा आहे, ताई," आई म्हणाली. "धुराचं नावसुद्धा नाही. बघा की."

खरंच धूर नव्हता. निखारे लालभडक, खोली उबदार, मला बरं वाटत होतं. जाऊबाईंना विरोध करायला काही सापडेना. पण त्यांना चैनही पडेना. त्या येता-जाता दार ढकलायच्या. आत डोकावायच्या, बाळाच्या पोटावर हात ठेवायच्या, आणि जाताना दार तसंच उघडं टाकायच्या. आई उठून दार लावायची. थोड्या वेळानं पुन्हा तेच. दोन-तीन दिवसांत आईचा संयम सुटला. "अहो, बाळाला वारं बाधेल. तुम्हाला एक मिनिट स्वस्थ बसवत नाही का?" मीसुद्धा कंटाळले होते. झोप लागते न लागते तोच गार झोत यायचा. मी म्हटलं, "जाऊबाई, जरा दार लावून जात जा ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं गं," म्हणाल्या, आणि दार लावून गेल्या.

त्या दुपारी आई कपडे धुवायला विहिरीवर गेली होती. मी बाळाला पाजून कुशीत घेतलं. डोकं दुखत होतं. जागरणानं दुखत असेल, असं वाटलं. मग डोकं दुखायचं थांबलं नाही, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं. उठून पाणी प्यावं, असं मनात येत होतं आणि हात हलत नव्हता. बाळ रडत नाहीये, हे कळत होतं. किती शहाणं बाळ, असं वाटल्याचं मला आजही आठवतं.

जाऊबाई मळ्यात वाल तोडत होत्या. नंतर त्या म्हणायच्या, "मला कायबी सपान पडलं नव्हतं. माझं लक्षच लागंना. म्हटलं, एक फेरी मारून येते." त्या आल्या, दाराबाहेरून हाक मारली, उत्तर नाही. दुसरी हाक मारायला त्या थांबल्या नाहीत. दार लोटून आत आल्या. आधी त्यांनी बाळ उचललं. ते मानेत ढिलं पडलं होतं. एका हातानं बाळ छातीशी आणि दुसऱ्या हातानं माझ्या दंडाला धरून त्यांनी मला खाटेवरून खाली ओढलं, उंबऱ्यावरून फरफटत अंगणात आणलं. माझ्या गुडघ्याला त्या उंबऱ्याची खूण अजून आहे. मला आठवतं ते एवढंच: डोळ्यांवर ऊन आणि जाऊबाईंचा आवाज, "श्वास घे गं! घे! ओढ!" आणि ओवीच्या तळपायावर त्या टिचक्या मारत होत्या. मग एक चिरका, लहानसा आवाज आला. जाऊबाई मटकन खाली बसल्या आणि लगेच पुन्हा उठल्या, कारण गाडी बोलवायची होती.

इक्बालभाईंच्या टेंपोतून आम्हाला पनवेलला नेलं. ऑक्सिजन लावला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की कोळशाच्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या वायूला ना रंग असतो ना वास. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं. बंद खोलीत तो माणसाला झोपेतच नेतो. आईनं हे ऐकलं आणि तोंडात पदर कोंबला. घरी परतल्यावर ती जाऊबाईंच्या पाया पडायला वाकली. जाऊबाईंनी तिला खांद्याला धरून वर उचललं. "तुमी काय मुद्दाम केलं? मीबी हिला धुरी दिली व्हती. दोघी सारख्याच येड्या. चला, लाडू काढा." आई जाताना शेगडी इथेच ठेवून गेली. तिच्यात जाऊबाईंनी कोथिंबीर लावली.

त्यानंतर दर दिवाळीनंतर त्यांच्या फेरीत एक वाक्य वाढलं. ज्या घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं पोर, तिथे त्या खिडकीवरची गोधडी स्वतः ओढून काढायच्या. "अंगावर घ्या की गोधड्या. खिडकीला कसली थंडी वाजतेय?" विकेंडला फार्महाऊसवर येणाऱ्या पाहुण्यांसाठी गावातली पोरं रात्रीची शेकोटी पेटवून द्यायची, त्या पोरांनाही त्यांनी दम भरला होता, की निखारे खोलीत कुणी न्यायला मागितले तर पाणी ओतायचं. पाहुणे रागावले तरी ओतायचं.

सगळ्या गावाच्या पाठीला कान लावणाऱ्या जाऊबाईंना स्वतःचं अंग मात्र परकं होतं. आरोग्य शिबिरात त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला. गोळ्या सुरू झाल्या. रोज एक. थोडे दिवस घेतल्या. मग म्हणाल्या, "मला काय झालंय? डोकं दुखत नाय, चक्कर नाय. आनि गोळ्या आनायला त्या रांगेत बसून माणूस जास्ती आजारी पडतो." रांगेत बसणं त्यांना खरंच जमायचं नाही. दोनदा त्या नंबर यायच्या आत उठून आल्या होत्या. मी विचारलं की म्हणायच्या, "घेते गं." मी विश्वास ठेवायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या पौषातली गोष्ट. सकाळची थंडी जरा जास्तच होती. जाऊबाई मळ्यातून ओल्या पायांनी आल्या, ओसरीवर टेकल्या आणि मला काहीतरी सांगू लागल्या. शब्द जिभेवर लोळत होते. मी वळून पाहिलं तर तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. उजव्या हातातली शेंगांची जुडी सुटून पडली आणि त्यांना ते कळलंच नाही. "कायबी नाय झालं," असं त्या म्हणाल्या असाव्यात. मी त्यांना धरलं आणि नवऱ्याला हाक मारली. गाडीत त्या सारख्या उठू बघत होत्या. मी त्यांना घट्ट आवळून धरलं होतं. त्या वेळी त्यांच्या अंगात किती ताकद आहे ते मला कळलं, आणि ती अर्ध्याच अंगात उरली आहे, हेही.

वाचल्या. उजवी बाजू मात्र दुबळी राहिली. प्लास्टिकची खुर्ची अंगणात ठेवली आणि त्यांना तिच्यावर बसवलं, तो दिवस मला सोसवला नाही. मी शाळेचं निमित्त करून निघून गेले. पण त्यांनी आठ दिवसांत त्या खुर्चीला कामाला लावलं. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवायचं. "ये इकडं. पाठ कर." लोक येऊन खुर्चीपुढे उकिडवे बसायचे आणि त्या डाव्या हातानं त्यांची मान पकडून कान लावायच्या. माझे थोरले दीर, आम्ही त्यांना दादा म्हणतो, कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. रोज सकाळी तेच त्यांच्या तळहातावर गोळी ठेवायचे आणि गिळून होईपर्यंत समोर उभे राहायचे. दादा तसे अबोल. जाऊबाई दोघांचं मिळून बोलायच्या.

पुढच्या वर्षीच्या माघात, उन्हात खुर्ची सरकवता सरकवता त्या गेल्या. दादांनी खुर्ची धरलेली होती. ते म्हणाले, "थांब, हात नीट ठेव," आणि हात खाली पडला. दुसरा झटका. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

त्यानंतरचा हा पहिला हिवाळा. दिवाळी झाली आणि मला घरात राहवेना. शाळेतून आले की उगीच आळीतून फिरायचे, आणि परत यायचे. कुणाच्या दाराशी थांबून काय विचारायचं, ते कळायचं नाही. दादा दिवसभर आतल्या खोलीत पडून असायचे. ऊन पडायचं, निघून जायचं. जेवायला हाक मारली की यायचे, अर्धी भाकरी खाऊन उठायचे. नवरा म्हणाला, थोडे दिवस जाऊ दे. मला थोडे दिवस जाऊ देता येईनात.

मागच्या आठवड्यात एका सकाळी मी डबा भरत होते, तर दादा स्वेटर घालून दारात उभे. म्हणाले, "वैशाली, आज सुट्टी काढशील? मला दवाखान्यात जायचंय. एकट्याला जाववत नाय."

आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. रांग मोठी होती. बाकावर बसल्यावर ते समोरच्या भिंतीकडे बघू लागले. मग म्हणाले, "तिनं गोळ्या सोडल्या व्हत्या, मला ठावं व्हतं."

मी त्यांच्या हातातला केसपेपर माझ्याकडे घेतला.

"गोळ्यांचं पाकीट तसंच पडलेलं असायचं. मी बघायचो. एकदा बोललो, तं म्हनाली, तुमी तुमचं बघा. मी गप बसलो. मला काय बोलता येतं?" त्यांनी हात गुडघ्यावर चोळले. "तिला इथं आणून बसवायला पायजे व्हतं. उचलून आणायला पायजे व्हतं."

"दादा," मी म्हटलं, "त्यांना कोण उचलणार होतं?"

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत, म्हणून मी हात धरला. पण ते हसत होते. आवाज न करता, मान खाली घालून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होते. शेजारची बाई आमच्याकडे बघायला लागली. मलाही आवरेना.

तेवढ्यात सिस्टरनं रक्तदाब तपासायला आतून दादांचं नाव पुकारलं. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, स्वेटरची बाही कोपराच्या वर सरकवली आणि दंड पुढे धरून ते आत गेले.